अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींतील जनुके ‘बदलतात’ म्हणजे नेमके काय होते?

त्रिमूर्तीनगरवासी
सर्वांना नमस्कार. माझी आई ७४ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. मागच्या वर्षापासून तिच्यावर अल्झायमरचे उपचार सुरू आहेत. जिने सारे आयुष्य न पाहता वरणाला फोडणी दिली, ती आता मोहरी मुठीत घेऊन कढईकडे पाहत उभी राहते, आणि तेल धुरावले तरी मूठ उघडत नाही.

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप गटावर नुकतीच एक बातमी फिरली. अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींतील जनुकीय अभिव्यक्ती बदलते आणि कर्करोगावरच्या दोन औषधांनी हा बदल उलटवता येतो, असे कॅलिफोर्नियातील संशोधकांना आढळल्याचे त्यात म्हटले होते. ती बातमी वाचल्यापासून माझे थोरले बंधू त्या ‘गोळ्या’ कुठे मिळतील याच्या चौकशीत आहेत. रामदासपेठेतल्या ज्या डॉक्टरांकडे आईला नेतो त्यांना विचारायचे आहेच, पण त्याआधी विषय समजून घ्यावा असे वाटते. माझे दोन प्रश्न आहेत. जनुके जन्मतः मिळतात आणि आयुष्यभर तीच राहतात असे आपण शाळेत शिकलो, मग चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती बदलतात कशी? आणि या बातमीच्या आधारे काही करण्यासारखे आहे का?

सूक्ष्मदर्शी
पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की जनुके बदलत नाहीत, त्यांचा वापर बदलतो. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत प्रथिने तयार करण्याच्या सूचना असलेली सुमारे २०,००० जनुके असतात, आणि यकृतातल्या पेशीत जी असतात तीच मेंदूतल्या पेशीतही असतात. फरक पडतो तो कोणत्या जनुकाची आरएनए प्रत निघते आणि किती निघते यात. या प्रती मोजणे म्हणजेच जनुकीय अभिव्यक्ती मोजणे. पेशीवर ताण आला, शेजारच्या पेशी मेल्या, सूज आली किंवा साखर कमी पडली, की हे प्रमाण काही तासांतही बदलू शकते. त्यामुळे आईंच्या पेशींत जे बदल झाले असतील, ते तुम्हाला वारशाने मिळालेले नाहीत.

वारशाचा भाग वेगळा आहे. एपीपी, प्रेसेनिलिन-१ आणि प्रेसेनिलिन-२ या तीन जनुकांतील दुर्मीळ दोषांमुळे हा आजार साठीच्या आत, काही कुटुंबांत तर चाळिशीतच दिसू लागतो. उतारवयात होणाऱ्या नेहमीच्या अल्झायमरमध्ये सर्वांत मोठा आनुवंशिक धोका एपोई जनुकाच्या ई-४ या प्रकाराचा असतो, आणि तो संबंध १९९३ साली पुढे आला. हा प्रकार अंगी असला म्हणजे आजार होणारच, असे मात्र नाही.

अभिव्यक्तीच्या अभ्यासात २०१९ साल महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी ‘नेचर’ या विज्ञाननियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने ४८ व्यक्तींच्या मरणोत्तर मेंदूंतील ८०,६६० पेशीकेंद्रकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी २४ मेंदूंत अल्झायमरच्या खुणा होत्या आणि उरलेल्या २४ मध्ये त्या नव्हत्या किंवा अगदी थोड्या होत्या. चेतापेशींमध्ये बदललेली बहुतेक जनुके मंदावलेली आढळली. आधार देणाऱ्या अॅस्ट्रोसाइट, ऑलिगोडेंड्रोसाइट आणि मायक्रोग्लिया या पेशींत निम्म्याहून थोडी अधिक जनुके उलट वाढलेली होती. आजाराच्या आरंभी प्रत्येक पेशीप्रकाराचा प्रतिसाद निराळा होता, तर उशिराच्या टप्प्यात सगळ्या प्रकारांत ताणाला तोंड देणारी तीच ती जनुके वाढलेली दिसली.

बर्डीवाला
माझ्या पेशींतले तर्री-पोह्यांचे जनुक दर रविवारी सकाळी सात वाजता चालू होते, त्याची नोंदही एखाद्या अभ्यासात व्हावी अशी विनंती आहे. बाकी चर्चा वाचतो आहे. त्रिमूर्तीनगरवासी, आईंची काळजी घ्या.

धंतोलीचे डॉक्टर
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी स्पष्ट शब्दांत देतो, कारण अशी बातमी वाचून आलेले नातेवाईक माझ्या ओपीडीत अधूनमधून येत असतात. बातमीतली औषधे लेट्रोझोल आणि इरिनोटेकॅन ही आहेत. पहिले प्रामुख्याने स्तनाच्या कर्करोगावर दिले जाते, दुसरे मोठ्या आतड्याच्या. इरिनोटेकॅन सहसा शिरेतून देतात, त्यामुळे बंधूंना त्याची ‘गोळी’ सापडणार नाही, आणि न सापडणेच बरे. तीव्र जुलाब आणि पांढऱ्या पेशी घटणे हे त्याचे ठळक दुष्परिणाम आहेत. ज्या बाईंना तहान लागल्याचेही सांगता येत नाही, त्यांना पाण्याचा तुटवडा झाला तर काय होईल याची कल्पना करा. लेट्रोझोल इस्ट्रोजेन कमी करते आणि हाडे ठिसूळ करते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या तोल जाणाऱ्या बाईंचे खुब्याचे हाड मोडले तर त्या हिंडत्याफिरत्या राहणे कठीण होते.

अभ्यास चांगला आहे, यात वाद नाही. २०२५ च्या जुलैत तो ‘सेल’ या नियतकालिकात आला. संशोधकांनी अल्झायमरमध्ये चेतापेशींत आणि त्यांना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींत होणाऱ्या बदलांची यादी घेतली, सुमारे १,३०० औषधांचे पेशींवरचे परिणाम पाहिले आणि या बदलांच्या नेमके उलट बदल घडवणारी औषधे शोधली. मग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयांतील ६५ वर्षांवरील सुमारे १४ लाख लोकांच्या नोंदी तपासून, ती औषधे इतर आजारांसाठी घेणाऱ्यांत अल्झायमरचे प्रमाण कमी आढळते का हे पाहिले. शेवटी दोन औषधांची जोडी उंदरांना दिली आणि उंदरांची स्मृती सुधारली. तो निष्कर्ष उंदरांचा आहे. उंदरांत बरा झालेला आणि माणसांत न हटलेला अल्झायमर आम्ही अनेकदा पाहिला आहे.

शंका विचारणारा
मला मूळ मापनाविषयीच शंका आहे. हे सगळे मेंदू मृत्यूनंतरचे. माणूस शेवटचे आठ-दहा दिवस तापात, न्यूमोनियात किंवा व्हेंटिलेटरवर काढतो, मृत्यूनंतर मेंदू काढेपर्यंत काही तास जातात आणि आरएनए तर नाजूक असतो. मग दिसलेला बदल आजाराचा आहे, मरणाचा आहे की उशिराचा, हे कसे ठरवायचे?

दुसरे असे, की एखाद्या कॉलनीतली निम्मी घरे रिकामी होऊन विजेचा एकूण वापर घटला, तर उरलेल्या प्रत्येक घराने दिवे कमी लावले असा अर्थ निघत नाही. अल्झायमरमध्ये चेतापेशी मरतातच. मग चेतापेशींची जनुके मंदावली, या विधानात नवीन काय आहे?

सूक्ष्मदर्शी
आपला दुसरा आक्षेप जुन्या अभ्यासांना तंतोतंत लागू होतो. तेव्हा मेंदूचा तुकडा अख्खा वाटून सगळ्या पेशींचा आरएनए एकत्र मोजत असत. म्हणूनच एकेका केंद्रकाचे वाचन करण्याची पद्धत आली. मी बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत काही काळ हे काम केले आहे, म्हणून ते कसे चालते ते सांगतो. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधून वाटाण्याएवढा गोठलेला तुकडा काढून बर्फातल्या काचेच्या नळीत टाकायचा, थोडे द्रावण घालायचे आणि काचेचाच दट्ट्या हाताने हळूहळू खालीवर करायचा. आधी सैल बसणारा दट्ट्या, मग घट्ट बसणारा. जोर अधिक लागला की केंद्रके फुटतात आणि द्रावण चिकट होऊन तारा सुटू लागतात. असे झाले की तो नमुना वाया गेला. कमी लागला तर गाठी राहतात. गोठताना पेशीचे बाहेरचे आवरण फाटलेले असते, पण केंद्रक बऱ्यापैकी टिकते, म्हणून अख्ख्या पेशीऐवजी केंद्रक घेतात. पुढे प्रत्येक केंद्रक तेलातल्या एकेका थेंबात अडकवून त्यातल्या आरएनएला स्वतंत्र सांकेतिक खूण जोडली जाते. त्यामुळे कोणती प्रत कोणत्या केंद्रकातून आली हे कळते आणि तुलना जिवंत राहिलेल्या चेतापेशीची चेतापेशीशीच होते.

यातून काय हाती लागले त्याचे उदाहरण एपोईचेच आहे. आजारी मेंदूत हे जनुक अॅस्ट्रोसाइटमध्ये कमी झालेले आढळते आणि मायक्रोग्लियात वाढलेले. अख्खा तुकडा वाटला असता तर वजाबाकी होऊन ‘विशेष बदल नाही’ असे उत्तर आले असते.

पहिला आक्षेप पूर्णपणे सुटत नाही. मृत्यू ते गोठवणे यांतला वेळ नोंदवून हिशेबात धरतात आणि आरएनए किती शाबूत आहे हे मोजतात. २०१९ च्या अभ्यासातले मेंदू शिकागोच्या रश विद्यापीठाच्या दोन प्रकल्पांतून आले होते. त्यांतल्या एकात १९९४ पासून ख्रिस्ती जोगिणी (नन) आणि पाद्री यांची दरवर्षी स्मृतिचाचणी होते आणि मृत्यूनंतर मेंदू देण्याचे त्यांनी आधीच मान्य केलेले असते. त्यामुळे मरणापूर्वीची अनेक वर्षांची नोंद हाताशी असते. तरीही प्रत्येक मेंदूचे मापन एकदाच होते, ही मर्यादा राहतेच. केंद्रकांच्या पद्धतीचीही एक उणीव आहे: मायक्रोग्लिया सक्रिय झाल्याचे दर्शवणाऱ्या काही जनुकांच्या प्रती केंद्रकात पुरेशा सापडत नाहीत, त्या बाहेरच्या पेशीद्रवात असतात.

आकडेमोड
मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून २०१९ च्या अभ्यासाविषयी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. ८०,६६० केंद्रके हा आकडा भारदस्त दिसतो, परंतु माणसे ४८ च आहेत. एकाच व्यक्तीच्या हजार पेशी म्हणजे हजार स्वतंत्र साक्षीदार नव्हेत, कारण त्यांचे वय, आहार, औषधे आणि मृत्यूचे कारण एकच असते. २०२३ साली ‘ईलाइफ’ या नियतकालिकात दुसऱ्या गटाने हीच माहिती पुन्हा तपासली. प्रत्येक व्यक्तीच्या पेशी एकत्र करून माणसामाणसांची तुलना केल्यावर ‘बदललेल्या’ जनुकांची संख्या पाचशेहून अधिक पटींनी घटली. तेव्हा बहुतेक जनुके मंदावली वगैरे टक्केवारी सांगताना जरा हात आखडता घ्यावा.

सूक्ष्मदर्शी
आकडेमोड, म्हणूनच मी वर टक्केवारीचे आकडे दिले नव्हते. हा आक्षेप रास्त आहे आणि क्षेत्राने तो मानलाही आहे. पण त्यामुळे सगळे चित्रच पुसले गेले, असे मला वाटत नाही. २०२३ सालीच मूळ गटाने ४२७ व्यक्तींच्या मेंदूंतील २३ लाख केंद्रकांचा अभ्यास मांडला. त्यात सोमॅटोस्टॅटिन नावाचे प्रथिन बनवणाऱ्या, इतर पेशींना आवर घालणाऱ्या चेतापेशी घटलेल्या आढळल्या. सिअॅटलच्या अॅलन संस्थेच्या गटाने मेंदूचा वेगळा भाग आणि वेगळे ८४ दाते घेऊन २०२४ साली काम प्रसिद्ध केले, आणि त्यांनाही याच पेशी लवकर नष्ट होताना दिसल्या. दोन स्वतंत्र ठिकाणी तीच गोष्ट दिसते, यावर माझा विश्वास लाखो केंद्रकांच्या आकड्यापेक्षा अधिक आहे.

आकडेमोड
हे मान्य. दाते वेगळे आणि उत्तर तेच, हा निकष मलाही पटतो.

महालची सून
माझ्या सासूबाईंची सेवा करताना सहा वर्षे गेली, त्यामुळे हा धागा सावकाश वाचते आहे. २०१९ च्याच अभ्यासात आजाराशी जोडलेल्या पेशीगटांत स्त्रियांच्या पेशी अधिक होत्या, असे वाचले होते. आमच्या वाड्यात, शेजारी, मैत्रिणींकडे, जिथे पाहावे तिथे सासू नाहीतर आईच आजारी आहे. हा आजार स्त्रियांना अधिक होतो का, की स्त्रिया अधिक जगतात म्हणून तसे दिसते? आणि एक तक्रार: अभ्यास स्त्रियांच्या पेशींचा होतो, मात्र रात्री दोन वाजता दाराची कडी काढणाऱ्या सासूला परत आणणाऱ्या सुनेच्या पेशींत काय होते, हे कोणी मोजत नाही.

धंतोलीचे डॉक्टर
ताई, दोन्ही कारणे आहेत. जास्त आयुष्य हे मोठे कारण आहेच, पण एपोई ई-४ असलेल्या स्त्रियांना त्याच प्रकारच्या पुरुषांपेक्षा काही वयोगटांत अधिक धोका असतो, असेही दिसले आहे. आपण निदर्शनास आणलेला निष्कर्ष खरा आहे, पण नमुना ४८ जणांचा होता हे आकडेमोड यांचे म्हणणे इथेही लागू होते. आपल्या तक्रारीशी मी पूर्ण सहमत आहे. दाराला वर, त्यांच्या नजरेच्या पातळीच्या बाहेर, दुसरी कडी लावून घ्या. पुष्कळ घरी तिचा उपयोग होतो. मात्र त्यांना घरात एकटे ठेवून ती लावू नका.

सावजी रस्सा
आपल्याकडे हळद भरपूर खातात म्हणून भारतात अल्झायमर कमी आहे, असे ऐकले होते. हळदीने जनुके ताळ्यावर येतात का? तसे असेल तर नागपुरी रश्श्याचे पेटंट घ्यायला हरकत नाही.

धंतोलीचे डॉक्टर
ही समजूत हरियाणातल्या बल्लभगड इथल्या अभ्यासावर उभी आहे. तिथे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत अल्झायमर बराच कमी आढळला होता. पण त्याच प्रकल्पात ई-४ प्रकाराचे प्रमाणही तिथे कमी दिसले, आणि तिथली लोकसंख्या तरुण व आयुर्मान कमी होते. हळदीतला कर्क्युमिन हा घटक पेशींवर काचपात्रात पुष्कळ परिणाम करतो, परंतु पोटातून रक्तात फार थोडा पोहोचतो, आणि रुग्णांवरच्या चाचण्यांत स्मृतीला त्याचा खात्रीलायक लाभ दिसलेला नाही. आणि भारतात हा आजार कमी आहे, हे आता म्हणता येणार नाही. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, डिमेन्शिया (अल्झायमर आणि तत्सम स्मृतिभ्रंशाचे आजार) आहे. रस्सा चवीसाठी खावा.

शंका विचारणारा
मूळ विषयावर परत येतो. समजा, एखादे जनुक आजारात खरोखरच वाढले आहे. ते वाढले म्हणून आजार झाला, आजार झाला म्हणून ते वाढले, की पेशी स्वतःला वाचवण्यासाठी ते वाढवते आहे? तिसरी शक्यता खरी असेल, तर ‘बदल उलटवणारे’ औषध पेशीचे हातच बांधून ठेवेल. सगळा बदल उलटवणे म्हणजे उपचार, हे गृहीतकच मला डळमळीत वाटते.

सूक्ष्मदर्शी
या धाग्यावरचा हा सर्वांत नेमका प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण मायक्रोग्लियांचे आहे. २०१७ साली इस्राएलच्या वाइझमान संस्थेतील गटाने अल्झायमरसदृश आजार असलेल्या उंदरांत मायक्रोग्लियांची एक विशेष अवस्था शोधली. या पेशी अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाच्या थरांभोवती गोळा होतात, नेहमीची जनुके मंद करतात आणि कचरा गिळण्याची, चरबी पचवण्याची जनुके वाढवतात. ही अवस्था दोन टप्प्यांत येते आणि दुसऱ्या टप्प्यासाठी ट्रेम-२ हे जनुक लागते. आता माणसांकडे पाहा: ट्रेम-२ नीट काम न करणारा एक दुर्मीळ प्रकार ज्यांच्यात असतो, त्यांना अल्झायमरचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे २०१३ मध्ये दोन गटांनी दाखवले. म्हणजे आजारात दिसणाऱ्या या बदलाचा निदान काही भाग बचावाचा आहे, आणि तो सरसकट उलटवणे हिताचे ठरणार नाही.

उलट टोकाचा प्रयत्नही झाला. ट्रेम-२ ला चेतवणारे एएल-००२ हे प्रतिपिंड रुग्णांना दिले गेले, आणि २०२४ च्या अखेरीस आलेल्या निकालात आजाराचा वेग त्याने कमी केला नाही. कदाचित ते दिले त्या टप्प्यावर उशीर झालेला असेल, कदाचित ही पेशी आरंभी उपकारक आणि पुढे अपायकारक असेल.

कार्यकारणाच्या प्रश्नावर मदत होते ती वारशातल्या जनुकांचीच. वारसा आजाराच्या आधीपासून असतो, त्यामुळे एखाद्या जनुकाचा वारसाही धोका वाढवत असेल आणि त्याची अभिव्यक्तीही आजारात बदलत असेल, तर ते निव्वळ परिणाम असण्याची शक्यता घटते. एपोई आणि ट्रेम-२ या कसोटीला उतरतात. यादीतली बाकीची बहुसंख्य जनुके उतरत नाहीत. डाउन सिंड्रोमचेही असेच आहे. २१ व्या गुणसूत्राची तिसरी प्रत असल्याने, ज्याच्या प्रथिनापासून अमायलॉइड बनते त्या एपीपी जनुकाचा वापर जन्मापासून अधिक होतो आणि चाळिशीपर्यंत जवळपास सर्वांच्या मेंदूत अमायलॉइडचे थर दिसतात. तिथे अभिव्यक्ती आधी आणि आजार नंतर, हा क्रम निर्विवाद आहे.

त्रिमूर्तीनगरवासी
सर्वांचे आभार. ही सगळी चर्चा मी बंधूंना वाचून दाखवली. जुलाबाचे वाक्य ऐकल्यावर औषधांची चौकशी थांबली आहे. आता दोन गोष्टी विचारतो. आम्हा भावंडांनी एपोईची तपासणी करून घ्यावी का? आणि आईची आधी काही साधी तपासणी राहून गेली असेल का? कारण सुरुवातीला आम्ही ज्या दवाखान्यात गेलो होतो, तिथे ‘वय झाले’ एवढेच सांगून परत पाठवले होते.

धंतोलीचे डॉक्टर
लक्षणे नसलेल्या मुलांनी उत्सुकतेपोटी एपोई तपासू नये, असे माझे मत आहे. ई-४ निघाला तरी आजार होईलच असे नाही, न निघाला तरी होणार नाही असेही नाही, आणि निकालानंतर झोप मात्र हमखास जाते. तोच पैसा आणि तीच चिंता रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि कानांकडे वळवा. ‘लॅन्सेट’च्या २०२४ च्या आयोगाने आयुष्यभरात सुधारता येण्याजोगे १४ धोके मांडले आहेत आणि सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया त्यांच्याशी जोडला आहे. ऐकू कमी येणे हा त्यांतला मोठा धोका, आणि आपल्याकडे श्रवणयंत्राची लाज सर्वाधिक.

आईंच्या बाबतीत बी-१२, थायरॉइड आणि मेंदूचा स्कॅन झालेला आहे ना, हे कागदांत पाहा. शुद्ध शाकाहारी वृद्धांत बी-१२ ची कमतरता मला नेहमी आढळते आणि ती इंजेक्शनने भरून निघते. पडल्यानंतर मेंदूच्या आवरणाखाली साचलेले रक्त, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांमुळेही विस्मरण होते. डोनेपेझिल किंवा मेमँटिन ही अल्झायमरची औषधे सुरू असतील तर स्वतःहून बंद करू नका.

प्रतापनगर कट्टा
आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात बऱ्याच जणांनी देहदानाचे अर्ज भरले आहेत. त्या मेंदूंचा अशा संशोधनाला उपयोग होईल का?

सूक्ष्मदर्शी
शरीररचना शिकवण्यासाठीच्या देहदानाचा या कामाला उपयोग होत नाही, कारण त्यात देह फॉर्मालिनने टिकवतात आणि आरएनए मोजण्याजोगा उरत नाही. इथे मेंदू मृत्यूनंतर काही तासांत काढून गोठवावा लागतो. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे, पण नागपुरात मृत्यू झाल्यास हे अंतर आणि हा वेळ यांचा मेळ बसणे कठीण आहे. वर सांगितलेले मरणोत्तर मेंदूंचे अभ्यास अमेरिकेतल्या, बहुतांशी गोऱ्या, दात्यांवर आधारलेले आहेत. मध्य भारतात अशी सोय होईपर्यंत आपल्या लोकांच्या पेशींत काय होते, याचे उत्तर तिकडच्या मेंदूंवरूनच काढावे लागेल. आणि सोय झाली तर तल्लख स्मृतीच्या सभासदांनीही अर्ज भरावेत, कारण तुलनेसाठी निरोगी मेंदू तितकेच लागतात.

बर्डीवाला
निरोगी गटात माझे नाव लिहावे. घरचे आक्षेप घेतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

त्रिमूर्तीनगरवासी
आईचे कागद पाहिले. थायरॉइड आणि स्कॅन झालेले आहेत, बी-१२ ची तपासणी कुठेही दिसत नाही. सोमवारी सकाळी रक्त द्यायला नेतो आहे.

धंतोलीचे डॉक्टर
अवश्य न्या, आणि निकाल आला की आपल्या डॉक्टरांना दाखवा. बी-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन आधीपासून चालू असेल तर ते त्यांना सांगा, नाहीतर आकडा फसवा येतो.